बाबांचं पानशेत रोज संध्याकाळी फुटतं

मुठाकाठची | २० जून, रात्री ११:५०

गेली कित्येक वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहितेय, कारण उद्या संध्याकाळी काय करायचं ते मला खरंच सुचत नाहीये.

सासरे, वय ८२. दोन वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. आम्ही पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो, पण त्यांचं लहानपण नारायण पेठेत, नदीच्या अंगच्या एका वाड्यात गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ते १८ वर्षांचे होते. घरातली माणसं सगळी वाचली, वाडा गेला.

दोन महिन्यांपासून रोज साडेपाच-सहाला ते पलंगावरची चादर ओढून जमिनीवर पसरतात आणि हाताला येईल ते तिच्यावर रचतात. टीव्हीचा रिमोट, देवघरातलं तांब्याचं ताम्हन, कांदे, माझ्या मुलाचं कंपासपेटीतलं सामान. मग चार टोकं धरून बोचकं बांधतात आणि मला ओरडतात, "अक्का, उभी काय राहिलीस? पाणी पुलावर आलंय!" अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सध्या ती मी.

सुरुवातीला मी समजावलं. बाबा, पानशेत फुटून चौसष्ट वर्षं झाली. बाबा, आपण चौथ्या मजल्यावर आहोत. गॅलरीत नेऊन खालचा कोरडा रस्ता दाखवला. ते आणखी चिडले. एकदा त्यांनी मला बाजूला ढकललं, ज्या माणसाने वीस वर्षांत मला कधी 'अगं' म्हणूनही मोठ्याने हाक मारली नव्हती.

त्याहून वाईट पुढे आहे. "आई कुठंय?" असं त्यांनी विचारलं आणि नवऱ्याने सरळ सांगितलं की आजी १९८८ सालीच गेली. बाबा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तेच रडणं. त्या एका संध्याकाळी त्यांची आई तीनदा गेली.

सुरुवात कधी झाली ते आता मागे वळून पाहिलं की दिसतं. रोजचा खर्च वहीत लिहिणारा माणूस दुधाचे पैसे एकाच दिवशी दोनदा लिहायला लागला. विजेचं एक बिल तर त्यांनी तीन वेळा भरलं होतं, पावत्या नंतर उशीखाली सापडल्या. आम्ही 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. मेमरी क्लिनिकमध्ये घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा त्यांनी गोल सुरेख काढला आणि बाराही आकडे उजव्या बाजूला एकावर एक कोंबले. ते पाहिल्यावर 'वय झालं' म्हणायची सोय उरली नाही.

तुम्ही लोक संध्याकाळ कशी काढता?

---

पर्वतीपायथा | २१ जून, सकाळी ७:०५

ताई, +१. आमच्याकडे सासूबाईंना पाच वाजले की माहेरी जायचं असतं. माहेर सातारा. चप्पल घालून तयार. तुमचं वाचून घशात आवंढा आला. वाचनखूण साठवतेय.

---

स्टेथोस्कोप_खुंटीला | २१ जून, सकाळी ९:३०

मी निवृत्त फिजिशियन, मेंदूविकारतज्ज्ञ नव्हे. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून हे वाचू नका.

चौसष्ट वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतं आणि सकाळचा चहा घेतल्याचं आठवत नाही, यात ढोंग नाही. नवी आठवण पक्की करायचं काम मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागावर चालतं आणि या आजाराचा घाव बहुतेकदा तिथे लवकर बसतो. जुन्या आठवणी तोवर मेंदूत इतरत्र मुरलेल्या असतात, त्यामुळे त्या जास्त टिकतात. ज्या आठवणीला भीती चिकटलेली असते ती तर सहजी पुसली जात नाही. आजचा दिवस मनात टिकत नसेल, तर मन जिथे पाय टेकतील तिथे जाऊन उभं राहतं. तुमच्या सासऱ्यांचे पाय १९६१ ला टेकतात.

संध्याकाळच्या या अस्वस्थतेला इंग्रजीत 'सनडाउनिंग' म्हणतात. दिवसभराचा थकवा, अंधुक होत जाणारा उजेड, लांबणाऱ्या सावल्या, बिघडलेलं झोपेचं चक्र, सगळं त्या वेळी एकत्र येतं. त्यात आता पावसाळा, म्हणजे चारलाच अंधारून येणार आणि पाण्याचा आवाज फुकट. दिवे सहाला नव्हे, साडेचारला लावा. पडदे ओढा, खिडक्या लावा. चहा-खाणं त्या वेळेच्या आधी होऊ द्या. सकाळी उन्हात अर्धा तास फिरवा आणि दुपारची झोप आटोक्यात ठेवा.

एक महत्त्वाचं. गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन सुरू केलेली झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी, यातलं काहीही असू शकतं आणि त्यावर इलाज असतो.

---

सिंहगडरोडवासी | २१ जून, सकाळी १०:१२

डॉक्टरसाहेब, स्मृतिभ्रंश, डिमेन्शिया, अल्झायमर्स हे एकच का? आणि आनुवंशिक असतं का? (विचारतोय कारण आजोबा, मग काका.)

---

स्टेथोस्कोप_खुंटीला | २१ जून, दुपारी १२:४०

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, हे लक्षणांच्या समूहाचं नाव. ताप जसा अनेक कारणांनी येतो तसं. त्यातलं सगळ्यांत मोठं कारण अल्झायमर्स, साधारण ६० ते ७० टक्के. बाकी मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा, ल्युई बॉडीचा, असे प्रकार आहेत आणि उतारवयात मिसळ पुष्कळदा दिसते.

आनुवंशिकतेबद्दल: थेट एका जनुकातून उतरणारा प्रकार अगदी विरळा आणि तो बहुधा साठीच्या आत दिसतो. एपीओई-४ नावाचं एक जनुकरूप शक्यता वाढवतं, पण ते असून न होणारे आहेत आणि नसून होणारेही आहेत. आजोबा आणि काका उतारवयात आजारी पडले असतील तर घाबरून तपासण्यांच्या मागे लागू नका, रक्तदाब आणि साखर सांभाळा.

अवांतर, पण सांगतोच. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्याशी बोलत आणि सगळं टिपून ठेवत. एकदा ती फुलकोबी आणि मांस जेवत होती. काय खाताय विचारल्यावर म्हणाली, पालक. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर गुठळ्यांसारखा थर आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता. आज आपण त्यांना ॲमिलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या नावाने ओळखतो. आजाराला अल्झायमरचं नाव १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपलिन यांनी आपल्या ग्रंथात दिलं. सव्वाशे वर्षं होत आली, पण पालकाचा तो किस्सा मला अजून प्रत्येक पेशंटच्या घरी भेटतो.

---

आयुर्वेदप्रेमी_७२ | २१ जून, दुपारी २:२०

ब्राह्मी, शंखपुष्पी, रोज भिजवलेले सात बदाम आणि सकाळी दोन चमचे खोबरेल तेल. तीन महिन्यांत फरक. आमच्या ओळखीत एकाला पूर्ण बरं वाटलं.

---

खवचट_पेठकर | २१ जून, दुपारी २:३१

बदाम सातच का? आठवा विसरतो म्हणून?

---

स्टेथोस्कोप_खुंटीला | २१ जून, संध्याकाळी ६:००

'पूर्ण बरं वाटलं' ही उदाहरणं मीही पाहिली आहेत, पण त्यातले काही जण अल्झायमर्सचे नसतातच. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त, मेंदूतलं वाढलेलं पाणी, या सगळ्यांत माणूस विसरायला लागतो आणि उपचार वेळेत झाले तर सुधारतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फारच सर्रास आहे. म्हणून आधी रक्ततपासणी आणि मेंदूचा स्कॅन, मग शिक्का.

खऱ्या अल्झायमर्सला मुळासकट बरं करणारं औषध आजमितीला नाही. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमॅन्टिन यांनी काहींना काही काळ लक्षणांत मदत होते. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, मळमळ आणि जुलाब होतात, तेव्हा खाणं सुटलं तर डॉक्टरांना कळवा. ॲमिलॉइड साफ करणारी नवी औषधं आली आहेत. त्यातल्या लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हास सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. मंदावला, थांबला नाही. मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावे लागतात. मुठाकाठची यांच्या सासऱ्यांचा टप्पा त्याच्या पुढचा वाटतो.

बदाम खायला हरकत नाही.

---

निमकी_दीडकी | २१ जून, रात्री १०:१५

मुठाकाठची, मी आईला नऊ वर्षं सांभाळलं. एकच सांगते: पाणी आलंय म्हणाले तर आलंय. "चला बाबा, वर नेऊ या" म्हणा आणि एक टोक धरा. वाद जिंकून तुम्हाला मिळणार काय?

---

दुपारी_एक_ते_चार | २२ जून, दुपारी ४:०१

मला हे पटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं, त्याच्यासमोर नाटक करायचं? उद्या घरातला नातूही शिकेल की आजोबांना फसवलं तरी चालतं. शांतपणे, न चिडता खरं सांगावं, असं माझं मत. आजारी आहेत म्हणून त्यांचा मान कमी होत नाही.

---

निमकी_दीडकी | २२ जून, रात्री ११:३०

एक ते चार, तुमच्या मुद्द्याची मी टर उडवणार नाही. पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणत होते.

माझी आई रोज दुपारी बाबांच्या डब्याची काळजी करायची. बाबा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. खरं सांगून पाहिलं, मुठाकाठचीने लिहिलंय तसंच झालं. मग दुसऱ्या टोकाला गेले. एकदा म्हटलं, "बाबा येतील पाचला." आई पाचला दार उघडून जिन्यात बसली ती साडेआठपर्यंत. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस वाकून बघत होती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून वेळ कधी सांगितली नाही.

पुढे सापडलं ते या दोन्हींच्या मधलं. ती म्हणायची, "ह्यांचा डबा राहिला." मी म्हणायचे, "कुठली भाजी द्यायची?" ती विचारात पडायची. "भेंडी नको, तार सुटते. फरसबी दे." मग फरसबी कशी चिरायची, मंडईत कुठल्या कोपऱ्यावर कोवळी मिळते, तिच्या सासूबाई नारळ किती हात राखून घालत. यात मी एक शब्द खोटा बोलले का? तिला डबा नको होता, तिला बाबांबद्दल बोलायचं होतं.

आई कुठंय विचारलं की 'गेली' म्हणू नका आणि 'बाहेर गेलीय, येईल' असंही नको. "आईची आठवण येतेय का, बाबा? आई काय करायची संध्याकाळी?" असं विचारून बघा.

शेवटी शेवटी आई माझं नाव विसरली होती, पण "पावकी म्हण" म्हटलं की पावकी, निमकी, दीडकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे घडाघडा. एकदा मी मुद्दाम चुकले तर माझ्या हातावर चापट मारली. माझ्या या नावाचं मूळ ते.

---

दुपारी_एक_ते_चार | २३ जून, दुपारी १२:५५

वेळ सांगायची नाही हे पटलं. बाकी विचार करतो.

वेगळा प्रश्न. वडिलांचे बँकेचे, घराचे कागद अशा वेळी कसे करतात? मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं ना? (सहज विचारतोय.)

---

सिंहगडरोडवासी | २३ जून, संध्याकाळी ७:१०

सहज विचारताय तर सविस्तर सांगतो, काकांच्या वेळी आम्ही यातच अडकलो. मुखत्यारपत्र केलं होतं आणि निर्धास्त होतो. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ म्हणतं की मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की त्या पत्राचा अधिकारही संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो नुसता कागद उरतो. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं.

त्यामुळे माणूस समजून-उमजून सही करू शकतोय तोवर खातं संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचं. नॉमिनी तपासा. मृत्युपत्र करायचं तर त्याच सुमाराचा डॉक्टरांचा दाखला जोडा. बँकेत काकांची सही जुळेना म्हणून एका शाखेत आम्हाला चार हेलपाटे पडले. काउंटरवरचा मुलगा त्यांना म्हणाला, "आजोबा, नीट करा ना सही." काका त्या कागदाकडे बघत राहिले. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला तर आता चेहऱ्यावरून घरबसल्या होतो, तो त्रास वाचला.

---

पर्वतीपायथा | २४ जून, सकाळी ६:५०

कालचा प्रकार सांगते, अजून हात थरथरताहेत. सासूबाई घरातून निघून गेल्या. मी भाजी फोडणीला टाकत होते, पाच मिनिटं. स्वारगेटला सापडल्या, सातारच्या गाड्या लागतात तिथे, रांगेत उभ्या. पर्वती पायथ्यापासून तिथवर चालत, मधले सगळे चौक ओलांडून. एका कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले तर यांनी पदराच्या गाठीतून सुपारी काढून दिली. त्याच्या लक्षात आलं, त्याने बसवून ठेवलं आणि गळ्यातल्या कार्डावरचा नंबर लावला.

ते कार्ड निमकीताईंच्या एका जुन्या प्रतिसादात वाचून दोनच आठवड्यांपूर्वी केलं होतं. लोकहो, आजच करा. कार्ड काढून टाकत असतील तर परकराच्या नेफ्यात, सदऱ्याच्या कॉलरच्या आत फोन नंबर शिवून टाका. रोज सकाळी एक फोटो काढून ठेवा, म्हणजे कुठल्या कपड्यात आहेत हे सांगता येतं. वॉचमन, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा पानवाला, सगळ्यांना सांगून ठेवा, यात लाजायचं काही नाही. आणि हरवल्यावर 'थोडं शोधून बघू' करत बसू नका, लगेच ११२ लावा.

---

मुठाकाठची | २६ जून, रात्री १२:२०

सगळ्यांचे आभार, एकेक करून बघतेय. आज मात्र दुसरंच लिहायचंय.

आज मी बाबांवर हात उगारला. लागला नाही, मधेच थांबला. पण उगारला. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. हे इथे लिहितेय कारण घरात कोणाला सांगू शकत नाही.

---

निमकी_दीडकी | २६ जून, रात्री १२:४१

जागी आहे मी. माझा उगारलेला थांबला नव्हता. एकदाच, पण नाही थांबला.

उद्या सकाळी नवऱ्याला सांगा, घरात सांगता येत नाही म्हणालात तरी त्यांना सांगा. आणि आठवड्यात दोन संध्याकाळी तुम्ही घरात नसणार हे ठरवून टाका. तुम्ही नसाल तेव्हा नवरा, नणंद, ब्यूरोच्या मावशी, जे कोणी असेल ते. तुम्ही नुसत्या संभाजी बागेत बाकावर बसा, पण घराबाहेर बसा. बोलायचं असेल तर टेली-मानस १४४१६, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन १४५६७ आहे.

---

स्टेथोस्कोप_खुंटीला | २६ जून, सकाळी ८:००

तुमची झोप किती होतेय? रक्तदाब कधी मोजला? मी घरी गेलो की पेशंटच्या आधी सांभाळणाऱ्या बाईचा बीपी बघायचो आणि पुष्कळदा गोळी तिलाच लिहून द्यावी लागायची.

आणखी एक, सासरे कानाने कसे आहेत? ऐकू कमी येत असेल तर गोंधळ आणि संशय दोन्ही वाढतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत, त्यात बहिरेपण ठळक आहे. चौदाही धोके आवरले तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज. सासऱ्यांच्या बाबतीत ती वेळ गेली, पण धागा वाचणाऱ्या पन्नाशीतल्या मंडळींनी 'मला नीट ऐकू येतं' हे बायकोला विचारून ठरवावं.

---

खवचट_पेठकर | २६ जून, सकाळी ८:४४

विचारलं. ती काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही.

(मुठाकाठची, खवचटपणा बाजूला. मी कोथरूडमध्येच असतो, निवृत्त आहे. संध्याकाळी बाबांसोबत बसायला माणूस हवा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. पानशेतच्या वेळी मी सात वर्षांचा होतो, मलाही बोलायला कोणी मिळत नाही.)

---

मुठाकाठची | १३ जुलै, रात्री ११:१५

उशीर झाला, माफ करा. काल १२ जुलै होती. दिवसभर पाऊस, आणि सकाळच्या पेपरातला पुराचा फोटो बाबांच्या नजरेला पडायच्या आत दडवायला मी विसरले.

आता आमच्याकडे साडेचारला सगळे दिवे लागतात. कानाचं यंत्र आलंय, दिवसातून चार तास ठेवतात, मग काढून खिशात. मंगळवार-शुक्रवार खवचट काका येतात. दोघं पुराबद्दल बोलतात आणि गंमत म्हणजे त्या दोन दिवशी बोचकं बांधलं जात नाही. नवऱ्याला मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मंगळवार-शुक्रवार मी साडेपाचला घरी येतो.

काल मात्र शनिवार. पावणेसहाला चादर पसरली गेली. मी आणि मुलगा दोघं खाली बसलो. "बाबा, आधी काय घ्यायचं?" त्यांनी बोट दाखवलं तसं आम्ही आणत गेलो. रिमोट, ताम्हन, आजीचा फोटो, कांदे. मुलाने स्वतःची कंपासपेटी स्वतःच आणून ठेवली. बाबांनी गाठ मारली. बोटं थरथरतात, पण ती गाठ काय पक्की बसते! मग आम्ही तिघांनी ते बोचकं उचलून पलंगावर ठेवलं. आमचं 'वर' ते एवढंच.

"आई कुठंय?" आलंच. मी विचारलं, "आई काय म्हणायची हो बाबा, पाऊस लागला की?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सरपण आत घे म्हणायची." मुलाने विचारलं, सरपण म्हणजे काय, आणि आजोबांनी त्याला पंधरा मिनिटं सांगितलं. बंब, धूर, ओली लाकडं, सगळं.

सातच्या सुमाराला त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "अक्का, ओसरलं का गं?"

"ओसरलं."

"मग चहा टाक."

रात्री ते झोपल्यावर बोचकं सोडलं. तळाशी माझ्या स्कूटरची किल्ली होती. चार दिवस शोधत होते.

---

खवचट_पेठकर | १४ जुलै, सकाळी ७:३०

माझा चष्माही बघा त्यात. शुक्रवारपासून नाहीये.